श्वास आत घेतानाचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या एक हिशेब केला. तुझ्या गळ्यातली ती सुपारीएवढी गाठ काढायला आपल्याला नेमकं काय पडलं? दवाखान्याचं बिल मी धरत नाही. मी धरतो ते नंतर हप्त्याहप्त्यानं गेलेलं. आधी बसमागे धावणं गेलं. मग केर काढताना गुणगुणणं. मग उताणं झोपणं. मग हसणं, म्हणजे तुझं ते पोट धरून, शेजाऱ्यांनी खिडकी उघडून बघावं असलं. हल्ली हसायची पाळी आली की तू हात वर करून समोरच्याला थांबवतेस, चौकातल्या पोलिसासारखी. आणि परवा पाहिलं, आता तिसरा मजलाही चालला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधत होतीस. किल्ली तुझ्या हातात होती, चिमणे.

मी मागून चढत होतो आणि ऐकत होतो. श्वास बाहेर सोडताना तुझा आवाज येत नाही, आत घेताना येतो. बारीक, ओढल्यासारखा, बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. दम्याचा पंप तू तीन वर्षं ओढते आहेस, पण दम्याचा आवाज बाहेर पडताना येतो. माझ्या शेजारच्या लेथवाल्याला दमा आहे, त्याचा मी रोज ऐकतो. तुझा बिघाड छातीत नाही, वर आहे, गळ्यात. एकटी जाऊ नकोस, लेकीला, मनीला घेऊन गळ्याच्या डॉक्टरकडे जा. त्या गाठीचे सगळे जुने कागद बरोबर ने.

तू म्हणशील, दादा कधीपासून डॉक्टर झाला. नाही झालो. सातवीत शाळा सोडून दुसऱ्याच्या दुकानात पंखे पुसायला लागलेला माणूस मी. पण चाळीस वर्षं स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून बसलो आहे. गिऱ्हाईक फोन मोटारीजवळ धरतं आणि मी इथून सांगतो, बेअरिंग गेलंय की कॉइल. या कानांनी मला आजवर एकदाही फसवलेलं नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, बाजाराची पिशवी म्हटलं की हेच कान बहिरे होतात.

डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव. माया पातळ करू नये.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझे कान बरोबर निघाले. पंप बंद झाला, दमा मला नव्हताच.

फोन न करता लिहिते आहे, रागावू नकोस. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा फोन घेऊन संध्याकाळी जे उरतं त्यात स्वयंपाक होतो, बोलणं होत नाही. लिहायला दम लागत नाही हे मला नव्यानंच कळलं. शाळेनंतर पहिल्यांदा एवढं लांब लिहिते आहे, चुका काढू नकोस.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तोडून बोलत नाहीत. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, दाराच्या दोन फळ्यांसारख्या. श्वास घेताना त्या उघडायच्या, बोलताना मिटायच्या. नऊ वर्षांपूर्वी गाठ काढताना दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या. तेव्हापासून माझ्या दोन्ही फळ्या मधोमध येऊन उभ्या आहेत. जवळजवळ मिटलेल्या असल्यानं आवाज छान येतो, आणि म्हणूनच कुणाला काही संशय आला नाही. हवा मात्र मधल्या फटीतून. ती फट वर्षावर्षानं बारीक होत गेली, कारण नस गेली की स्नायू आहे तसा राहत नाही, असं त्या म्हणाल्या. वापरावाचून वाळतो, आखडतो.

उपाय आहे. एका फळीचा मागचा तुकडा लेझरनं कापायचा. मग श्वास येतो आणि आवाज जातो. अगदी मुकी होणार नाही, पण कुजबुज राहील, हवा मिसळलेली. त्या हे सगळं सांगत होत्या आणि दादा, मला काहीच वाटलं नाही. मनी माझा हात दाबत होती, मला वाटत होतं, हिचा पेन कुठे पडला की काय. बाई बोलायच्या थांबल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. बाई हसल्या. मी गंमत करत नव्हते, सवयीनं निघालं.

ऑफिसात साहेबांना विचारून ठेवलं. फोनची खुर्ची फोनवर बोलणाऱ्याची, असं ते म्हणाले. वाईट बोलले नाहीत, खरं तेच बोलले. नाही तर फायलींची खोली आहे, तळघरात. लोक मला नावानं ओळखत नाहीत, आवाजानं ओळखतात, बाजारात भाजीवाली म्हणते, अहो पाणीबाई. मोटार वाजते आहे पण टाकीत पाणी चढत नाही, अशी तक्रार आली की मी अजून तू शिकवलेलंच विचारते, मोटार दुरुस्त करून आणली होती का, तिचा पंखा अंगावर काढलेल्या बाणाच्या दिशेनं फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. दहात चारांचं काम तिथेच होतं, आणि लोकांना वाटतं बाई इंजिनीअर आहे.

बाई म्हणाल्या, कापण्याआधी एक तपासणी करू. स्नायूत बारीक सुई घालून आत जीव किती उरला आहे ते ऐकायचं. हो, ऐकायचं. त्या यंत्राला स्पीकर असतो. नऊ मार्चला बोलावलं आहे. मनीला त्या दिवशी औषधाच्या दुकानातून सुटी नाही.

वहिनीला नमस्कार. मनीचा तुम्हां दोघांना नमस्कार. जीव आहे तसाच ठेवावा.

तुझी,
चिमणी


१६ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

नऊ मार्चला मी येतो. स्पीकरवर ऐकायचं आणि मी नाही, असं कसं चालेल? लग्नात नवरदेवच गैरहजर.

ती तळघरातली पंपाची मोटार तुला आठवते? गिरणीवाल्यांची. दहा-बारा वर्षं गाळात पडलेली. चार दुकानदारांनी भंगार म्हणून हात झटकले. मी तिला करंट दिला आणि कान लावला, तर आत अगदी खोल एक गुणगुण. मी म्हटलं, मेलेली नाही, झोपलेली आहे. आजही ती त्यांच्या गच्चीवर पाणी चढवते. मेलेलं आणि झोपलेलं यांतला फरक मला कानानं कळतो, आणि तुझा गळा तर माझ्यासमोर तयार झाला. पहिलं टॅहँ मी ऐकलं आहे.

तोवर कुठेही सही करू नकोस. कापलेलं परत जोडता येत नाही.

दादा


१० मार्च

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

कालची हकीकत तुझी आई चार शब्दांत गुंडाळेल, म्हणून मीच लिहितो.

खोली लहान, भिंतींना पोपटी रंग, एक पंखा. त्याच्या बुशातलं तेल सुकलं आहे, ते मी तिथल्या शिपायाला सांगून आलो. तुझ्या आईला मान मागे करून निजवलं. सुई समोरून, गळ्यातून. मी तोंड फिरवलं, पण कान फिरवता येत नाहीत. आधी, श्वास घेताना दार उघडतो तो स्नायू. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, नाकानं जोरात श्वास ओढा. तिनं ओढला. स्पीकर गप्प. मधूनच एखादं टिक, मग टिक, इंजिन बंद केल्यावर तापलेला पत्रा थंड होताना वाजतो ना, तसं. बाई म्हणाल्या, नस तुटलेल्या स्नायूचे धागे आपले आपणच फडफडतात, त्यांना कुणी बोलावत नाही म्हणून. मला ते वाक्य ऐकवेना.

मग त्यांनी सुई हलवली आणि दुसरा, पट्टीतलाच स्नायू धरला. पुन्हा म्हणाल्या, ओढा श्वास. आणि मने, काय सांगू! पत्र्यावर मूठभर खडी टाकावी तसा खडखडाट! तुझी आई श्वास ओढी आणि स्पीकर कडाडे, थांबली की थांबे. तीनदा करायला लावलं, तीनदा तेच. मी मांडीवर थाप मारली. नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो.

डॉक्टरीणबाई मान हलवून काहीतरी लिहीत होत्या. म्हणाल्या, आठवड्यानं अहवाल घेऊन बसू, नीट समजावून सांगते. मला गाडी गाठायची होती. पण अहवालात आणखी काय येणार? मी तुझ्या आईला बसथांब्यावरच सांगून टाकलं, जीव आहे. हुकूम सुटला की स्नायू उठतो, मग कापायचं कशाला? श्वासाचे व्यायाम कर, सहा महिने थांब, जागा होईल. तिनं आधी येणाऱ्या बसची पाटी वाचली. मग म्हणाली, दादा, तू ऐकलंस ना, मग झालं.

तिला जिना चढू देऊ नकोस, भाजी तू आणत जा. मामाला विसरू नये.

मामा


२ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

मनी विचारते, अहवाल का आणला नाहीस. तुला विचारलंच तर सांगून ठेवते. गेले होते मी. बसनं त्या थांब्यापर्यंत गेले. मग वाटलं, तू ऐकलं आहेस, दम्याचंही तूच आधी ऐकलंस, आता कागदावर तेच बघायला दोन मजले कशाला चढायचे. समोरच्या बाकावर बसले, परतीची बस आली, बसले.

व्यायाम करते. नाकानं हळू आत, ओठ आवळून बाहेर. ऑफिसात शेजारची टायपिस्ट म्हणते, मी चहा फुंकल्यासारखी दिसते, चहा मात्र नसतो.

जिन्यावर दम तेवढाच लागतो, कमी किंवा जास्त झालेला नाही. परवा एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, बाई, तुम्ही रडताय का? मी म्हटलं, नाही, श्वास घेते आहे, तुमचा वॉर्ड सांगा. खरंच रडत नव्हते. रडायला पण हवा लागते.

तुझ्या गुडघ्याला तेल लावतोस का? लोभ कमी करू नये.

चिमणी


२४ मे

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आई दवाखान्यात आहे. आता धोका नाही, म्हणून घाबरू नका. पुढचं वाचा.

तिला आठवडाभर साधी सर्दी होती. सोमवारी ऑफिसात फोनवर बोलता बोलता श्वास अडकला. सर्दीच्या सुजेनं उरलेली फटही मिटली. टायपिस्टबाई सांगतात, आईनं आधी फोनवरच्या माणसाला हातानं थांबा म्हणून खूण केली, जणू त्याला ते दिसणार होतं, आणि मग टेबलावर डोकं टेकलं. ओठ निळे. गाडी वेळेवर आली. इथे आल्याबरोबर गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली. आता त्या नळीतून श्वास चालतो. पाटीवर लिहून बोलते. पहिलं वाक्य लिहिलं, त्या माणसाची तक्रार नोंदवली का ते बघ.

डॉक्टरीणबाईंनी मला मार्चचा तो अहवाल समजावला. मामा, तुम्ही ऐकलंत ते खरं होतं. खडखडाट झाला होता, स्नायू जिवंत आहे. पण तो दार उघडणारा स्नायू नव्हता, मिटणारा होता. श्वास आत घेताना तो गप्प असायला हवा. दुखावलेली नस नऊ वर्षांत आपली आपण पुन्हा वाढली, पण तिचे धागे चुकीच्या घरात शिरले. उघड म्हणून निघालेला हुकूम मिटणाऱ्याला पोचतो. आई जितक्या जोरानं श्वास ओढी, तितकं दार घट्ट होई. जो खरा उघडणारा, त्याच्यात टिकटिक होती तेवढीच. त्याचे बरेचसे धागे बारीक होऊन गेले, जागी चरबी आणि चिवट दोरे भरले. एवढ्या वर्षांनी तो व्यायामानं परत येत नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही आठवड्यानं आला असतात तर हेच सांगणार होते.

मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुमचा राग यावा असंही मनात आणून पाहिलं, तोही येत नाही. दुकानात औषधं देते, दवाखान्यात येते, आईच्या नळीतली आतली नळी धुते. सगळं काम हातच करतात.

लेझरच्या कागदावर सही हवी आहे. आई पाटीवर लिहिते, दादाला विचार.

तुमची,
मनी


२७ मे

चि. मनीस आशीर्वाद.

मला विचारू नका. डॉक्टरीणबाई म्हणतील तसं करा.

मी आणि तुझी मामी शनिवारी येतो. मामी राहील. आईला म्हणावं, मी काही बोलणार नाही, नुसता बसेन.

मामा


१९ जुलै

ती. दादास, सा. न. वि. वि.

नळी निघाली. भोकावर पट्टी आहे, ते आपोआप बुजेल म्हणतात. काल तिन्ही मजले एका दमात चढले. किल्ली हातात होती आणि ती हातात आहे असं मी सगळ्यांना दाखवलं. रात्री उताणी झोपले. छत पाहून बरीच वर्षं झाली होती, एका कोपऱ्यात ओल आली आहे.

आवाज म्हणशील तर कागद चुरगळल्यासारखा. मनी म्हणते, छान आहे, गुपित सांगितल्यासारखं वाटतं. भाजीवालीनं मला ओळखलं नाही. मी बोटानं दाखवून कोबी घेतला. वाईट वाटेल म्हणून थोडी थांबले, मग घरी आले.

वहिनीकडून कळलं की तू दुकानात रेडिओसुद्धा लावत नाहीस, आणि फोनवरून मोटारी ऐकायचं बंद केलंस. दवाखान्यातही भिंतीकडे तोंड करून बसला होतास. दादा, ऐक. सही तेव्हाच केली असती तरी आवाज गेलाच असता. तुझ्यामुळे तो तीन महिने जास्त टिकला, आणि ते मी पाणी येईल, पाणी येईल म्हणण्यात घालवले. जीव जाता जाता राहिला, हेही खरंच. दोन्ही मी एकाच ओळीत लिहिलं आहे, कोणतं पुसायचं ते मला कळत नाही. तूही पुसू नकोस.

सोमवारपासून तळघरात फायली लावते. थंड आहे, जाताना एकही जिना चढायचा नाही. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी आली आहे, आवाज घंटेसारखा. परवा धावत खाली आली. सोसायटीची मोटार दुरुस्त करून आणली आहे, पाणी चढत नाही, आणि ते लोक फोन मोटारीजवळ धरून तिला म्हणतात, बाई, ऐका, किती मस्त चालली आहे. मी तिला कागदावर लिहून दिलं, पंखा बाणाच्या दिशेनं फिरतो का ते बघायला सांग. तिनं विचारलं, एवढं बघायला कशाला लावायचं, फोनवर ऐकून नाही का कळत? मी लिहिलं, माझ्या भावाला विचारून सांगते.

तेव्हा सांग. आणि नुसतं तेवढंच लिहू नकोस, चार ओळी घरच्या पण लिही. माणूस गप्प झाला की घरात मला माझाच श्वास ऐकू येतो. माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझी,
चिमणी


२५ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तीन मजले कळले. वहिनीला वाचून दाखवलं, तिनं दोनदा वाचायला लावलं.

घरच्या ओळी मागितल्यास, तर घे. गुडघ्याला तेल लावतो. लेथवाला दुकान मुलाच्या हाती देऊन गावी गेला, त्यामुळे भिंतीपलीकडचा खोकला बंद झाला आणि मला करमत नाही. वहिनीनं नवीन पिशवी शिवली आहे. मी रोज न सांगता बाजारात जातो, त्यानं ती जास्तच घाबरली आहे. छताच्या ओलीचं बघायला पुढच्या महिन्यात येईन. गच्चीवर टाकीची जोडणी गळत असेल. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता काही सांगत नाही.

रेडिओ लावीन. घाई करू नकोस.

तू बोलायला लागलीस तरी लिहिणं सोडू नकोस. मायेची पाखर असू दे.

तुझा,
दादा

ता. क. त्या मुलीला सांग, ऐकून कळत नाही. मोटारीच्या तीनपैकी दोन तारा उलट जोडल्या तर ती उलटी फिरते, आणि सुलटीइतकीच सुरेख वाजते. माझ्या दुकानात नवीन माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो.